सल्ला: मामांची एमजीबी वीस मिनिटांत बंद पडते, हेड उघडू का?

पत्र असं आहे:

"काका, माझ्या मामांनी त्यांची १९७१ची एमजीबी रोडस्टर, ती जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, गेल्या वर्षी मला दिली. बावीस वर्षं त्यांनी स्वतः सांभाळली, आता गुडघे साथ देत नाहीत. दिली तेव्हा चालू होती, फक्त एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खोकायची, क्षणभर दम जायचा. मला वाटलं करंटचा प्रॉब्लेम, म्हणून एका रविवारी 'स्पोर्ट' लिहिलेली नवीन कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्लग, वायरी सगळं बदलून टाकलं. खोकणं तसंच राहिलं, आणि वर आता गाडी वीस मिनिटं छान चालते, मग बंद पडते, अर्धा तास थांबलं की परत चालू होते. मग मी दोन्ही कार्बोरेटर उघडले, त्याचे सगळे भाग एका ट्रेमध्ये पडलेत. उजव्या पुढच्या चाकाचा दोन कानांचा नट कितीही ठोकला तरी निघत नाही. जॅक आणि विटांवर गाडी ठेवून खाली जातो तेव्हा भीती वाटते. आता इंजिनच गेलंय असं वाटतंय, हेड उघडू का? की विकून टाकू? मामा दर रविवारी फोन करून विचारतात आणि मी सांगतो मस्त चाललीये."

अरे, हेड उघडू नकोस. हे सगळ्यात आधी सांगतो कारण तू पुढचं वाचायच्या आत पाना हातात घेशील अशी मला भीती आहे. जे इंजिन वीस मिनिटं छान ओढतं आणि अर्ध्या तासाने परत चालू होतं, त्याचं पोट फाडायची गरज नसते. हेड गॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी झालं असतं, ऑइल दुधाळ झालं असतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला असता, यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. शंका फारच असेल तर कम्प्रेशन टेस्ट कर, चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, आणि आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघ. जवळपास सारखे आले तर हेडचा विषय संपला.

पण टेस्ट वगैरे नंतर. आधी त्या विटा काढ. आज. वीट वरून दाबली की आधी काहीच होत नाही आणि मग एका क्षणात भुगा होतो, सूचना देत नाही. जॅक हा गाडी उचलायला असतो, गाडी धरून ठेवायला नाही. चांगल्या घोड्या, म्हणजे अ‍ॅक्सल स्टँड आण, चार आण, सपाट पक्क्या जमिनीवर लाव, पुढे क्रॉसमेंबरखाली, म्हणजे आडव्या तुळईखाली, आणि मागे अ‍ॅक्सलखाली किंवा स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या हँगरखाली, आणि खाली शिरायच्या आधी गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघ. हलली तर खाली जायचं नाही. तुला भीती वाटते हे चांगलंय, त्या भीतीचं ऐक. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त इथेच जातो.

आता मुद्द्यावर येतो. मला तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द दिसतो तो 'स्पोर्ट'. तुझ्या १९७१च्या गाडीत ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी जी कॉइल असते तिचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, तिला सरळ १२ व्होल्ट मिळतात. नंतरच्या रबर बंपरवाल्या गाड्यांमध्ये बॅलास्टवाली सिस्टिम आली, तिथे कॉइल साधारण दीड ओहमची असते आणि मधल्या रेझिस्टन्सच्या वायरमुळे तिला कमी व्होल्टेज जातं. बाजारात दोन्ही प्रकारच्या कॉइल 'स्पोर्ट' नावाने मिळतात, दिसायला सारख्याच. दीड ओहमची कॉइल तुझ्या गाडीला लावली तर ४ अँपिअरच्या जागी ८ अँपिअर करंट खेचणार, पॉइंट जाळणार, स्वतः इतकी तापणार की हात लावता येणार नाही, आणि वीस मिनिटांत ठिणगी सोडून देणार. थंड झाली की परत शहाण्यासारखी चालणार. तुझी गाडी हुबेहूब हेच करतेय ना?

मल्टिमीटर घे, कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढ, मीटर ओहमवर ठेवून त्या दोन टोकांमध्ये माप. तीनच्या आसपास आलं तर कॉइल बरोबर, दीडच्या आसपास आलं तर चोर सापडला. आणि मीटर नसेल तर त्याहून सोपं, मामांची जुनी कॉइल परत लाव. टाकून दिली नाहीस ना? चालू गाडीतून काढलेला जुना पार्ट कधी टाकायचा नाही रे, तो चालत होता याचा पुरावा त्याच्याकडे असतो, नव्याकडे फक्त डबा असतो.

समजा कॉइल बरोबर निघाली तर पुढचा संशय कंडेन्सरवर आणि मग रोटरवर. हे मी माझ्याच गाडीवर भोगलंय. माझीही एमजीबीच, आणि एकदा मीही तुझ्यासारखं एका दुपारी सगळं नवीन बसवलं, टायमिंग हलवलं, कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले, आणि गाडी तापली की झटके खायला लागली. तीन महिने मी पेट्रोलच्या मागे होतो, टाकी साफ केली, पंप काढला, पाइप बदलले. शेवटी कंटाळून गॅरेजच्या खणातला जुना, गंजलेल्या पट्टीचा कंडेन्सर लावला आणि पहिल्या किल्लीत गाडी अशी चालली की मी तिथेच खाली बसलो. नवा कंडेन्सर थंड असताना चांगला आणि गरम झाला की मेलेला. रोटरचंही तसंच, काही नवीन रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि करंट त्या रिव्हेटमधून खालच्या शाफ्टला पळतो, म्हणून जाणकार लोक रिव्हेट नसलेला लाल रोटर शोधून लावतात. माझे तीन महिने गेले ते कंडेन्सरमुळे नाही गेले, चार गोष्टी एकाच दिवशी बदलल्या म्हणून गेले. कोणी बिघडवलं हे कळायला मार्गच उरला नव्हता. तुझंही तेच झालंय. म्हणून यापुढे एक वही ठेव, तारीख टाक, एकच गोष्ट बदल, गाडी फिरवून आण, काय फरक पडला ते लिही, मगच दुसरी.

आणि परत कधी रस्त्यात बंद पडली तर लगेच, गरम असतानाच, बघायचं की ठिणगी गेलीय की पेट्रोल. थंड झाल्यावर बघून काही उपयोग नाही, तेव्हा सगळं बरोबरच असतं. गाडीत एक जादा प्लग ठेव, एका सिलिंडरची वायर काढून त्याला लाव, प्लगचं लोखंड इंजिनला नीट टेकवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग. कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब धर. कडक निळी ठिणगी टकटक पडली तर करंट ठीक आहे. पिवळी, आळशी किंवा पडतच नसेल तर कॉइल, कंडेन्सर, रोटर यातलंच कोणीतरी. ठिणगी चांगली असेल तर इग्निशन ऑन करून नुसता कान दे, मागच्या चाकाजवळ एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप असतो, तो काही वेळा टक टक करून थांबला तर वर पेट्रोल भरलेलं आहे. टकटक थांबतच नसेल तर तो कुठूनतरी हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी आहे, अजिबातच आवाज नसेल तर त्याचे पॉइंट चिकटलेत, हलकेच टिचकी मारली की बहुतेक वेळा जागा होतो. एकदा टाकीचं झाकण पण सैल करून बघ, फुस्स करून हवा आत गेली तर टाकीचा श्वास बंद आहे आणि पंप बिचारा पोकळीशी झगडतोय.

आता ते मूळचं खोकणं, ज्यापासून हे सगळं सुरू झालं. मला मनापासून वाटतं की त्याला फक्त चमचाभर तेल हवं होतं. एसयू कार्बोरेटरच्या वर जी घंटेसारखी टोपी (डॅशपॉट) असते तिच्या डोक्यावर एक छोटं झाकण असतं, ते फिरवून काढलं की खाली बारीक दांडा आणि त्याला प्लंजर लटकलेला येतो. त्या नळीत तेल असतं. एसयूमध्ये वेगळा अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतला पिस्टन वर जायला बघतो, तेल त्याला क्षणभर अडवतं, त्यामुळे जेटवर, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक छिद्रावर, ओढ वाढते आणि तेवढ्यापुरतं जास्त पेट्रोल येतं, आणि गाडी उडी मारते. तेल नसेल तर पिस्टन एकदम वर उडतो, हवा भसकन येते, पेट्रोल मागे राहतं, आणि इंजिन खोकतं. हे तेल हळूहळू उतरत राहतं, म्हणून महिन्या-दोन महिन्याला बघायचं असतं. इंजिनमध्ये घालतोस तेच २०डब्ल्यू-५० चालतं. प्लंजर आत सोडताना झाकण टेकायच्या साधारण ६ मिलिमीटर आधी हाताला तेलाचा विरोध जाणवला पाहिजे, जाणवला नाही तर थोडं अजून घाल. एवढंच. मामांचे गुडघे दुखायला लागले, वाकून बॉनेटमध्ये बघणं कमी झालं, आणि ते तेल आटलं असणार.

ट्रेमधल्या भागांबद्दल. यात एक गोष्ट गंभीर आहे, टोपी आणि तिचा पिस्टन ही जोडी असते, फॅक्टरीत एकमेकांना जुळवलेली, पुढच्याचा पिस्टन मागच्या टोपीत घालायचा नसतो. आता मिसळलेच असतील तर दोन्ही स्वच्छ करून, फक्त सॉल्व्हंट आणि मऊ फडका, काच पेपर अजिबात नाही, अदलाबदल करून बघ. बरोबर जोडीत पिस्टन कुठेही न घासता सरकतो आणि वर उचलून सोडला की खाली धातूवर 'टक्' असा स्पष्ट आवाज करून बसतो. हा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुई पिस्टनमध्ये बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट हवा. जेट आधी वरपर्यंत, पुलाच्या (पिस्टन ज्यावर बसतो त्या उंचवट्याच्या) पातळीला आण आणि तिथून खालचा सहा पैलूंचा नट दोन पूर्ण फेरे खाली घे, दोन्ही कार्बोरेटरवर सारखं. इथून गाडी चालू होईल. मग इंजिन पूर्ण गरम झालं की एक रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धर आणि दोघांची शीळ सारखी होईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरव. त्यानंतर पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा, स्पीड वाढून तसाच वाढलेला राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, आणि किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. एका वेळी एक पैलू फिरव, जास्त नाही.

पण हे कार्बोरेटरचं काम सगळ्यात शेवटी. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट, मग टायमिंग, मग कार्बोरेटर, हा क्रम उलटा केला की रात्रंदिवस स्क्रू फिरवत बसावं लागतं. टॅपेटची फट थंड इंजिनवर १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि पॉइंटची १४ ते १६, म्हणजे फट मोजायच्या फिलर गेजची एकच पात दोन्हीला पुरते, प्लगला २५. टॅपेटसाठी नऊचा हिशोब लक्षात ठेव, व्हॉल्व्ह पुढून मागे १ ते ८ मोज, जो पूर्ण उघडा असेल त्याचा आकडा नवातून वजा कर, जो उरेल त्याची फट बघायची. आठवा उघडा तर पहिला, सहावा उघडा तर तिसरा. पात फटीतून जाताना लोण्यातून सुरी जावी तशी नाही, जरा घासून, ओढ जाणवून गेली पाहिजे. टॅपेटच्या कामाला घाई केली की एक-दोन हमखास चुकतात आणि मग तो टिकटिक आवाज आपल्याला दिवसभर चिडवतो, त्यामुळे सकाळी, चहा झाल्यावर, शांतपणे कर.

वायरिंगला घाबरू नकोस, या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या ल्युकस कंपनीच्या नावाने लोक उगाच बोटं मोडतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या वायरचं तांबं बहुतेक ठीकच असतं, बिघडतात ते सांधे, ते गोळीसारखे कनेक्टर आणि बॉडीला लावलेले अर्थिंगचे बोल्ट. रंग पाठ कर, तपकिरी म्हणजे कायम करंट आणि मध्ये फ्यूज नाही, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनमधून फ्यूज होऊन आलेली, जांभळी फ्यूजवाली कायम चालू, निळी हेडलाइट, लाल पार्किंग, काळी अर्थिंग. कॉइलला येणारी पांढरी आहे का बघ. सीटच्या मागच्या फळीखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर त्यांना जोडणारी जाड वायर आणि बॉडीचं अर्थिंग काढून घासून चकचकीत कर. निम्मे विचित्र प्रॉब्लेम तिथेच संपतात. काम सुरू करायच्या आधी अर्थिंगची वायर काढायची, तपकिरी वायरला पाना लागला तर फ्यूज वाचवायला नाही.

गाडी चालू झाली की लगेच फिरवायला नेऊ नकोस, आधी ब्रेक. पेडल दाबून धरून ठेव, हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे सील गेले. मागचे ड्रम काढून व्हील सिलिंडर ओले आहेत का बघ. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद होतात, तारीख माहीत नसेल तर बदलूनच टाक, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी पितं. तसंच पेट्रोलच्या नळ्या, एमजीबीत दोन्ही कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर बसलेत, तिथली जुनी रबर नळी इथेनॉलच्या पेट्रोलने चिरली किंवा फ्लोटची सुई अडकून पेट्रोल ओसंडलं तर ते थेट तापलेल्या लोखंडावर पडतं. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या टाक आणि गाडीत हाताला येईल असा फायर एक्स्टिंग्विशर ठेव. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे ग्रीस निपल शोधून प्रत्येकात पंपाने नवीन ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत भर, ते कोरडे राहिले की महागात जातं.

चाकाचा नट तू उलटा ठोकतोयस. गाडीच्या उजव्या बाजूला आटे डावे असतात, त्यामुळे तिथला नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. साधी खूण अशी की चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने नट सुटतो, दोन्ही बाजूंना. म्हणजे आतापर्यंतच्या प्रत्येक घावाने तू तो अजून घट्ट केलायस. चाक जमिनीवर असू दे, तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा घे, आणि नट निघाला की आतल्या दात्यांना ग्रीस लावून मगच चाक परत घाल.

गंजाबद्दल तू काही लिहिलं नाहीस म्हणून एवढंच, दारांखालचे सिल हे रोडस्टरमध्ये नुसती पट्टी नसून गाडीचा कणा आहेत, वर छप्परच नाही ना. जॅकवर घेतल्यावर दार घासायला लागलं किंवा फट बदलली तर सिल तपासून घे आणि घोडी तिथे लावूच नकोस. ते काम घरी शिकायचं काम नाही, ज्याला वेल्डिंग येतं त्याला दे.

विकायचं म्हणतोस तर आत्ता नको. तुकड्यांतली गाडी विकली की तुकड्यांचेच पैसे मिळतात. तिला आधी चालती कर, मग ठरव. तू दमलायस म्हणून विकावीशी वाटतेय, आवडत नाही म्हणून नाही, हे पत्रातून कळतं.

राहिले मामा. त्यांना खरं सांग. बावीस वर्षं त्या इंजिनचा आवाज ऐकलेला माणूस दर रविवारी फोन करतो तो चौकशीला नाही करत रे, त्याला तिची आठवण येते. आणि तू खोटं सांगून एकट्याने झगडतोयस, जेव्हा जगात त्या एका गाडीबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलाय. टायमिंग कितीवर ठेवायचे, कुठला बोल्ट सडलेला आहे, चोक किती ओढला की सकाळी चालू होते, हे पुस्तकात नाही, त्यांच्या डोक्यात आहे. रागावले तर पाच मिनिटं रागावतील. त्यांना वाकावं लागू नये म्हणून बॉनेटशेजारी एक उंच खुर्ची ठेव, जुनी कॉइल तू लाव, डॅशपॉटमध्ये तेल तू घाल, आणि पहिला सेल्फ मात्र त्यांना मारू दे.